खोकं नक्की किती लिटरचं? सबवूफरच्या बॉक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

गाडीतल्या सबवूफरविषयी आलेल्या पत्रांत ‘कुठला घेऊ?’ विचारणारे थोडे, आणि ‘चांगला घेतला, तरी वाजत का नाही?’ विचारणारेच फार. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा बॉक्समध्ये सापडतं. खालच्या उत्तरांत नुसत्या स्पीकरला ‘सब’ म्हटलं आहे आणि लाकडी खोक्याला ‘बॉक्स’. ‘ड्रायव्हर’ हा शब्द गाडीच्या लेखात वापरला की घोटाळा होतो. बंद बॉक्स म्हणजे हवाबंद, आणि पोर्टचा बॉक्स म्हणजे हवेला आत-बाहेर करायला पाइप किंवा खाच ठेवलेला. सबच्या कागदावरचे तीन आकडे असे : एफएस म्हणजे मोकळ्या हवेत सब ज्या वारंवारतेला आपसूक घुमतो ती. क्यूटीएस म्हणजे ते घुमणं किती आवरलेलं आहे याचा आकडा, म्हणजेच सबचा क्यू; तो जितका मोठा तितका आवर कमी. व्हीएएस म्हणजे सबच्या पडद्याइतकीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये.

प्रश्न : माझ्या १२ इंची सबच्या कागदावर एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.६ आणि व्हीएएस ७० लिटर असे आकडे आहेत. कंपनीने ५६ लिटरचा बंद बॉक्स सुचवला आहे. मी १८ मिमी एमडीएफचा ५० × ३८ × ३० सेमीचा बॉक्स केला, म्हणजे ५७ लिटर झाले. तरीही बेस घुमतो, सगळी गाणी एकाच सुरात ‘धूंऽ’ करतात. सबच खराब आहे का?

उत्तर : सब ठीक आहे, मोजमाप बाहेरून झालं आहे. सबला कामाची असते ती आतली हवा. १८ मिमीची फळी दोन्ही बाजूंनी असल्यामुळे प्रत्येक मापातून ३.६ सेमी वजा होतात. म्हणजे आतून ४६.४ × ३४.४ × २६.४ सेमी, गुणाकार ४२.१ लिटर. त्यातून सबचा मॅग्नेट आणि सांगाडा सुमारे ३ लिटर खातो, कोपऱ्यातल्या पट्ट्या लिटरभर खातात. हातात उरतात ३८ लिटर.

आता हिशेब असा. व्हीएएसला बॉक्सच्या निव्वळ लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. येणाऱ्या आकड्याने क्यूटीएसला गुणलं की बॉक्ससकट सबचा क्यू मिळतो, ज्याला क्यूटीसी म्हणतात. त्याच आकड्याने एफएसला गुणलं की बॉक्ससकटची अनुनाद वारंवारता मिळते.

५६ लिटरला : ७० ÷ ५६ = १.२५, अधिक १ म्हणजे २.२५, वर्गमूळ १.५. क्यूटीसी ०.९, वारंवारता ४८ हर्ट्झ.
३८ लिटरला : ७० ÷ ३८ = १.८४, अधिक १ म्हणजे २.८४, वर्गमूळ १.६९. क्यूटीसी १.०१, वारंवारता ५४ हर्ट्झ.

०.७ च्या आसपास बेस सपाट आणि आटोपशीर वाटतो. जसजसा क्यूटीसी वाढतो, तसतशी अनुनादाच्या थोडी वर एक टेकडी उभी राहते. तुमच्या बॉक्समध्ये ती ७५ हर्ट्झजवळ आहे, साधारण सव्वा डेसिबलची. एवढ्याने एखादा सूर उठून दिसेल, पण अख्खं गाणं बिघडणार नाही. म्हणून दुसरा संशय क्रॉसओव्हरवर, म्हणजे कुठले सूर कुठल्या स्पीकरला जायचे ते वाटणाऱ्या फिल्टरवर, घ्यावा लागतो. लो-पास, म्हणजे सबला जाणाऱ्या सुरांची वरची मर्यादा, १०० किंवा १२० हर्ट्झवर ठेवला असेल, तर त्याच पट्ट्यात दाराचे स्पीकरही वाजतात आणि टेकडीवर टेकडी चढते.

आधी फुकटचा उपाय करा : लो-पास ७० ते ८० हर्ट्झवर, उतार सप्तकाला २४ डेसिबल, बेस बूस्ट शून्य. मग बॉक्समध्ये उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस मोकळा करून भरा, लिटरमागे १० ते १५ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला अर्धा किलोच्या आतबाहेर. कापसामुळे सबला बॉक्स दहा-पंधरा टक्के मोठा भासतो. तो दाबून ठोसलात तर उलट जागा कमी होते. तेवढ्याने भागलं नाही तर बॉक्स नवा करावा लागेल. लांबी-उंची तीच ठेवून बाहेरची खोली ३० ऐवजी ४१.२ सेमी घ्या. आत ६० लिटर होतात, सब आणि पट्ट्या वजा जाता ५६ उरतात.

मागच्या सीटला टेकणारा तिरका बॉक्स असेल, तर वरची आणि खालची आतली खोली मिळवून २ ने भागा आणि तीच सरासरी खोली धरा. तिरक्या बॉक्समध्ये सबचा मॅग्नेट मागच्या फळीला टेकतो का, हे कापण्याआधी पुठ्ठ्यावर काढून बघाच.

प्रश्न : ५५ लिटर निव्वळ, ३३ हर्ट्झला ट्यून, असा पोर्टचा बॉक्स बनवला. पोर्ट साडेसात सेमीच्या पीव्हीसी पाइपचा, लांबी सूत्राने काढलेली, १६.६ सेमी. हळू आवाजात छान वाजतो. आवाज वाढवला की पाइपातून फस्‌ फस्‌ असा श्वास ऐकू येतो. सूत्र चुकलं का?

उत्तर : सूत्र बरोबर आहे, ट्यूनिंगही बरोबर असणार. पाइप बारीक आहे. ट्यूनिंगच्या वारंवारतेला पडदा जवळजवळ थांबतो आणि सगळं काम पाइपातली हवा करते. ४४ चौ. सेमीच्या भोकातून १२ इंची सबएवढी हवा आत-बाहेर करायची म्हणजे तिचा वेग फार वाढतो. पाइपाच्या काठावर ती फाटते, तोच हा फस्‌ आवाज. वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिला तर निर्धास्त. काठ गोलाई दिलेले असतील तर त्याच्या थोडं वर गेलं तरी कान तक्रार करत नाही.

सूत्र इतर वाचकांसाठीही देतो. पाइपाचा आतला व्यास सेमीमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, २३५६२.५ ने गुणा, पाइपांच्या संख्येने गुणा. याला ट्यूनिंगचा वर्ग गुणिले बॉक्सचे लिटर यांनी भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा केलं की प्रत्येक पाइपाची लांबी सेमीमध्ये मिळते. ही वजाबाकी यासाठी, की पाइपाच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही पाइपाबरोबरच हलते.

तुमच्या बॉक्सला हे लावलं तर :
१० सेमीचा एक पाइप : ३२ सेमी
१० सेमीचे दोन पाइप : प्रत्येकी ७१ सेमी
१५ सेमीचा एक पाइप : साडेसत्त्याहत्तर सेमी

इथेच सगळे अडकतात. भोक मोठं केलं की लांबी वाढते, आणि पाइपाचं आकारमान पुन्हा बॉक्सच्या लिटरमधून जातं. ११ सेमी बाह्य व्यासाचे, ७१ सेमीचे दोन पाइप साडेतेरा लिटर गिळतात. म्हणून अँपची ताकद बेताची असेल, तर दोन्ही तोंडांना गोलाई असलेला १० सेमीचा एक पाइप हा चांगला तह आहे. ताकद जास्त असेल तर फळ्यांची खाच करावी, म्हणजेच स्लॉट पोर्ट. खाचेसाठी लिटरमागे २.७ ते ३.६ चौ. सेमी हा चालता अंदाज आहे, म्हणजे ५५ लिटरला १५० ते २०० चौ. सेमी.

समजा आतली उंची ३२ सेमी आणि खाच ५ सेमी रुंद घेतली. क्षेत्रफळ १६० चौ. सेमी, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास १४.३ सेमी. तो सूत्रात घातला की लांबी येते जवळपास ७० सेमी. ती सरळ बसत नाही, म्हणून मागच्या फळीजवळ काटकोनात वळवतात. वळणावर लांबी खाचेच्या मधल्या रेषेवरून मोजा, आतल्या किंवा बाहेरच्या कडेवरून नाही. वळणाच्या पुढे आणि आतल्या तोंडासमोर किमान खाचेच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी. लिटरचा हिशेब : ५५ निव्वळ, ११.२ खाचेतली हवा, ४ खाचेची फळी, ३.५ सब, १ आधाराच्या पट्ट्या. आतून सुमारे ७५ लिटर. ‘५५ लिटरचा बॉक्स’ म्हणून सुरुवात केली होती, हे लक्षात ठेवून डिकीचं माप घ्या.

बॉक्सची भिंतच खाचेची भिंत असेल, तर ती भिंत तोंडाच्या पुढेही चालू राहते आणि हवेला पोर्ट कागदापेक्षा लांब भासतो. परिणामी ट्यूनिंग एक-दोन हर्ट्झ खाली येतं. शेवटचा तुकडा आधी गोंद न लावता नुसत्या स्क्रूवर ठेवा, चाचणी घ्या, मगच चिकटवा.

चाचणीला यंत्र लागत नाही. पडद्यावर पांढऱ्या खडूचा बारीक ठिपका द्या. फोनवरच्या टोन जनरेटरने ४५ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या, आवाज अगदी हळू. ठिपका आधी लांबट, पुसट रेघेसारखा दिसतो. खाली येता येता ती रेघ आखडत जाते आणि एका आकड्यावर ठिपका जागच्या जागी गोल, स्पष्ट दिसतो. पोर्टापाशी हात नेला तर वारा मात्र जोरात लागतो. तेच तुमचं ट्यूनिंग. आणखी खाली गेलात की ठिपका पुन्हा फाटतो, आणि या वेळी झपाट्याने. ३३ ऐवजी ३० आलं तर पोर्ट लांब आहे. वरच्या १० सेमी पाइपात ३२ आणि ४० सेमीमध्ये नेमका या ३ हर्ट्झचा फरक पडतो. त्यामुळे पाइप नेहमी दोन-तीन सेमी जास्त कापा आणि घासत खाली आणा. कापलेला पाइप वाढत नाही.

ठिपका जो झपाट्याने फाटला, त्यातच पोर्टच्या बॉक्सची खरी जोखीम आहे. ट्यूनिंगच्या खाली पोर्ट म्हणजे नुसतं भोक. बॉक्समधली हवा पडद्याला अडवत नाही आणि तो मोकाट हलतो. म्हणून अँपवरचा सबसॉनिक, म्हणजे फार खालचे सूर कापणारा, फिल्टर ट्यूनिंगच्या चार-पाच हर्ट्झ खाली लावा, तुमच्यासाठी २८ च्या आसपास. ज्या अँपला हा फिल्टर नाही, त्यावर पोर्टचा बॉक्स जोरात वाजवणं म्हणजे सब जाळायला किंवा फाडायला घेणं.

प्रश्न : बँडपास बॉक्स जास्त जोरात वाजतो म्हणतात. पहिलाच बॉक्स तोच करावा का?

उत्तर : नको. त्यात दोन कप्पे, दोन्हींचे लिटर आणि पोर्ट असं सगळं एकदम बरोबर यावं लागतं. शिवाय सब आत लपलेला असल्यामुळे तो त्रासात आहे हे कानाला उशिरा कळतं. आधी एक बंद बॉक्स नीट करा.

प्रश्न : एक जुना सब हाती आला आहे, डबल मॅग्नेटचा, वजनदार. नाव-नंबर काही नाही. बॉक्स किती लिटरचा करू?

उत्तर : वजनावरून काहीच ठरत नाही, पण आकडे घरी काढता येतात. सबचं वागणं मोजक्या आकड्यांत बसवण्याची पद्धत नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुढे नेली. एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे त्याच घराण्यातले.

लागणारं सामान : अँप, टोन जनरेटर, मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर, १००० ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर, १० ओहमचा एक रेझिस्टर. अँपवरचे लो-पास, सबसॉनिक आणि बूस्ट तिन्ही बंद करा, नाहीतर मोजमाप सबचं न होता फिल्टरचं होईल.

१००० ओहम अँपच्या तारेत एकसरीत जोडा. सबच्या जागी आधी १० ओहमचा रेझिस्टर लावून त्यावर एसी १०० मिलिव्होल्ट दिसेपर्यंत आवाज वाढवा. आता दर १० मिलिव्होल्ट म्हणजे १ ओहम. आवाजाची कळ यापुढे हलवायची नाही. मग १० ओहम काढून सब लावा. सब हवेत मोकळा धरलेला हवा, टेबलावर पालथा ठेवलेला नको.

१५ हर्ट्झपासून वर जा. आकडा चढतो, एका जागी टोक गाठतो, मग उतरतो. टोकाची वारंवारता म्हणजे एफएस. समजा ती २८ हर्ट्झ आहे, टोकाला ३४ ओहम, आणि सब काढून मीटरच्या ओहम पट्टीवर मोजलेला कॉइलचा रोध ३.४ ओहम. ३४ ÷ ३.४ = १०, याचं वर्गमूळ ३.१६. ३.१६ × ३.४ = १०.७५ ओहम. आता टोकाच्या दोन्ही बाजूंना १०७.५ मिलिव्होल्ट कुठे दिसतात ते शोधा. समजा २१ आणि ३७.३ हर्ट्झला दिसले. या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ एफएसच्या जवळ आलं पाहिजे, इथे २८ येतं. आलं नाही तर मोजताना काहीतरी हललं, पुन्हा करा.

२८ × ३.१६ ÷ (३७.३ − २१) = ५.४, हा यांत्रिक क्यू. त्याला १० ने भागलं की क्यूटीएस ०.५४. आणि १० वजा १, म्हणजे ९ ने भागलं की विद्युत क्यू ०.६. एफएसला या विद्युत क्यूने भागा : २८ ÷ ०.६ = ४७. हा आकडा ५० च्या आत असला की बंद बॉक्स, १०० च्या वर असला की पोर्ट, मध्ये असेल तर दोन्ही चालतात. तुमच्या सबचा असा आला तर बंद बॉक्सच करा.

राहिला व्हीएएस. कुठलाही निव्वळ लिटर माहीत असलेला, घट्ट बंद बॉक्स घ्या, फोमची पट्टी लावून सब बसवा आणि टोक पुन्हा शोधा. ३० लिटरमध्ये ते ४५ हर्ट्झला आलं, तर ४५ ÷ २८ चा वर्ग २.५८, वजा १, गुणिले ३० : व्हीएएस ४७ लिटर. ०.८ क्यूटीसीसाठी मग बॉक्स येतो ४० लिटरचा. जुना सब वर्षानुवर्षं पडून असेल, तर मोजण्याआधी तासभर २५-३० हर्ट्झला हळू वाजवून घ्या. आखडलेला पडदा एफएस जास्त दाखवतो.

प्रश्न : सेडानमध्ये सबचं तोंड सीटकडे करावं की मागे?

उत्तर : मागे, डिकीच्या झाकणाकडे, आणि बॉक्स शक्य तेवढा मागच्या टोकाशी. तोंड आणि पत्रा यांत हातभर नाही तरी वीतभर जागा सोडा. सीटकडे तोंड केलं, तर सरळ येणारी लहर आणि मागच्या पत्र्यावर आपटून येणारी लहर काही वारंवारतांना एकमेकींना मारतात. हॅचबॅकलाही हेच लागू आहे, फक्त तिथे डिकी आणि केबिन एकच असल्याने फरक कमी जाणवतो.

गाडीची केबिन स्वतःच बेस वाढवते. केबिनच्या लांबीत जोवर अर्धी तरंगलांबी मावते, तोवर ती खोलीसारखी वागते. त्याखाली दाब एकदम सगळीकडे चढतो-उतरतो आणि बेस उचलला जातो. २.५ मीटर लांबीला ही सीमा ३४३ ÷ ५ म्हणजे ६८ हर्ट्झच्या आसपास येते. आदर्श बंद केबिनमध्ये ही वाढ सप्तकाला १२ डेसिबल असते, आणि बंद बॉक्सची घसरणही तेवढीच. म्हणूनच घरात पातळ वाटणारा बंद बॉक्स गाडीत भरदार वाजतो. प्रत्यक्षात दारं-काचा थोडा दाब सोडतात, त्यामुळे हिशेबाएवढं पदरात पडत नाही.

जागा ठरल्यावर सबच्या दोन तारा एकदा उलट जोडून बघा. ८० हर्ट्झच्या आसपास ज्या जोडणीत बेस भरतो, ती ठेवा.

प्रश्न : एमडीएफ की प्लाय? आणि सगळे सांधे चिकटवूनही बॉक्समधून शीळ येते, ती कुठून?

उत्तर : एमडीएफ जड, एकसारखा, कापायला सोपा. पण पाणी लागलं की कडा फुगतात आणि त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही. चांगला बर्च प्लाय हलका आणि मजबूत. स्वस्त प्लायमध्ये थरांत पोकळ्या असतात आणि त्याच शिट्टी मारतात. तुमचा बॉक्स प्लायचा असेल तर सबच्या भोकाची कड बघा, थरात काळी फट दिसली की तिथे पोटीन भरा.

एमडीएफ असेल तर शीळ बहुधा तीन ठिकाणांहून येते : तारा जोडायचा टर्मिनल कप, सबखालची गॅस्केट आणि फळीच्या कडेला स्क्रूने पडलेली चीर. ३० हर्ट्झ मध्यम आवाजात लावा आणि ओला हात सांध्यांवरून फिरवा, गळती गार लागते. आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉनची धार द्या. मात्र सिरक्याचा वास येणारं सिलिकॉन नको. त्याची वाफ तांब्याला आणि पडद्याच्या कडेला चांगली नाही. न्यूट्रल प्रकारचं घ्या आणि सब बसवण्याआधी २४ तास उघडं ठेवा.

पुढच्या वेळी गुण्या लावून काटकोन तपासा, पीव्हीए गोंदाची सलग रेघ ओढा, दर १५ सेमीला आधी ३ मिमीचं भोक पाडून मगच ५० मिमीचा स्क्रू मारा. सब बसणारी फळी दुहेरी करा, ३६ मिमी. भोकाची आतली कड तिरकी घासा, नाहीतर जाड फळीत सबच्या मागची हवा कोंडते. ३० सेमीपेक्षा मोठ्या प्रत्येक फळीला आतून आडवा आधार द्या, बरोबर मध्यावर न देता थोडा बाजूला, म्हणजे दोन्ही तुकडे एकाच सुरात थरथरणार नाहीत. सबसाठी स्क्रूऐवजी ५ मिमीचे बोल्ट आणि मागून टी-नट वापरा, आणि गाडीचं चाक आवळतात तसे समोरासमोरचे आवळा.

प्रश्न : एकाच बॉक्समध्ये दोन सब लावायचे आहेत. दोन्हींना ४ ओहमच्या दोन-दोन कॉइल. बॉक्स आणि जोडणी कशी?

उत्तर : लिटर दुप्पट, पोर्टचं क्षेत्रफळ दुप्पट, लांबी आणि ट्यूनिंग तेच. मध्ये पडदी घालून दोन कप्पे केलेले बरे. एक सब गेला तर दुसऱ्याला अचानक दुप्पट जागा मिळून तो मोकाट हलत नाही, आणि पडदीचा आधारही मिळतो. चारही कॉइल समांतर जोडल्या तर १ ओहम, प्रत्येक सबच्या कॉइल एकसरीत आणि मग दोन सब समांतर जोडले तर ४ ओहम. अँपवर २ ओहमपर्यंतच लिहिलं असेल तर १ ओहमच्या वाटेला जाऊ नका, तो तापून बंद पडेल किंवा उडेल.

भरलेला बॉक्स २५ किलोच्या पुढे सहज जातो. नुसता डिकीत ठेवला तर जोरात ब्रेक मारताना तो सीटवर येतो. पट्ट्याने किंवा एल आकाराच्या क्लिपांनी बांधा. गाडीच्या तळात भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा, इंधनाची टाकी आणि ब्रेकची नळी बरेचदा नेमकी तिथेच असते.